औषधांचं सॉफ्टवेअर बदलताय? आधी डबा, मग डेटा

घरी जाऊन रुग्णसेवा देणाऱ्या एजन्सींमध्ये औषधांचं सॉफ्टवेअर बदलण्याचा एक ठरलेला प्रकार असतो. शनिवारी रात्री व्हेंडरचा माणूस डेटा हलवतो. रविवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲपची लिंक येते. सोमवारी सकाळी आठच्या ड्यूटीवर गेलेली सिस्टर फोन करून विचारते, "आजोबांची थायरॉइडची गोळी दुपारी दीडला दाखवतंय, देऊ का?" गोळी उपाशीपोटी घ्यायची, आणि तोवर आजोबांचे पोहे खाऊन झालेले असतात.

घोळ क्वचितच सॉफ्टवेअरचा असतो. जुन्या चार्टमधली यादी मुळातच चुकीची असते, ती तशीच नव्या घरात जाते आणि नवं ॲप तिची इमानेइतबारे आठवण करून देत राहतं. म्हणून खालच्या क्रमात पहिले तीन आठवडे नव्या सॉफ्टवेअरला हातच लावायचा नाही. साधारण 30 ते 80 रुग्णांच्या एजन्सीला या सगळ्याला सहा आठवडे लागतात. व्हेंडर "दोन दिवसांत करून देतो" म्हणेल. तो त्याच्या कामाचे दोन दिवस सांगतोय.

## टप्पा 1: तारीख, दोन माणसं आणि परतीची वाट

बदलाचा दिवस मंगळवार किंवा बुधवार ठेवा. सोमवारी रविवारच्या बदली स्टाफचा गोंधळ निस्तरायचा असतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिलं आणि पगार असतात. गणपती-दिवाळीत निम्म्या सिस्टर आणि मावशी गावाला, त्यांच्या जागी ज्यांनी ते घर पाहिलेलंच नाही अशा बदलीच्या.

वेळ सकाळी साडेदहाची. सकाळचे डोस देऊन झालेले असतात, दुपारचे दोनला असतात, डॉक्टर फोनवर सापडतात आणि व्हेंडरचा सपोर्टही जागा असतो. मध्यरात्री बदल करणं बँकांना परवडतं. आपल्याकडे रात्री अडीचला इन्सुलिनचा चार्ट दिसेना झाला तर विचारायचं कुणाला?

जबाबदार माणसं दोन: एक जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली इन्चार्ज सिस्टर, दुसरं ऑफिसमधलं कॉम्प्युटर सांभाळणारं. औषधाच्या बाबतीत शेवटचा शब्द सिस्टरचा, मग समोर मालक असो वा व्हेंडर.

व्हेंडरकडून चार गोष्टी लेखी घ्या. जुना डेटा पूर्ण आणि वाचता येईल अशा स्वरूपात मिळेल का? जुनी सिस्टीम बदलानंतर किमान 30 दिवस फक्त वाचण्यासाठी चालू राहील का? ॲप नेटशिवाय चालतं का, आणि नेट आल्यावर दोन फोनवरच्या नोंदी एकमेकींवर चढतात की दोन्ही राहतात? बदलाच्या दिवशी फोन कोण उचलेल?

परत फिरण्याच्या अटी आत्ताच, डोकं थंड असताना लिहा. उदाहरणार्थ: एकाही रुग्णाचं इन्सुलिन, रक्त पातळ करणारं औषध किंवा फिटचं औषध चुकीचं दिसलं तर त्या दिवशी बदल रद्द. दुपारी एकपर्यंत 10 टक्क्यांपेक्षा जास्त फोनवर चार्ट उघडला नाही तरी रद्द. हे आधी लिहिलेलं नसेल तर त्या दिवशी "थोडं थांबू, होईल ठीक" असंच सगळे म्हणतात.

तपासा: तारीख, दोन नावं आणि रद्द करण्याच्या अटी एका कागदावर, सहीसकट. नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: प्रत्येक घरी जाऊन डबा उघडा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त चुका पकडणारा. प्रत्येक रुग्णासाठी कागदावर तीन रकाने आखा: डब्यात काय आहे, शेवटच्या प्रिस्क्रिप्शनवर किंवा डिस्चार्ज कार्डावर काय आहे, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काय आहे. तिन्ही जुळले तरच बरोबरची खूण.

स्ट्रिपच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. केमिस्ट चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि ताकद कापलेल्या तुकड्यावर जाते, हातात कोरी चांदी उरते. अशी बेनाव गोळी डब्यात सापडली तर अंदाजाने नाव लिहायचं नाही. नवी स्ट्रिप मागवायची.

नेमकं काय शोधायचं:

एकच औषध दोन नावांनी. केमिस्टने "हे नाही, पण सेम आहे" म्हणून दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप दिली, जुनीही डब्यात आहे, दोन्ही चालू. किंवा आधी रक्तदाबाची ॲमलाँग 5 (म्हणजे ॲम्लोडिपिन) होती, नंतर डॉक्टरांनी टेल्मा-एएम लिहिली, ज्यात ॲम्लोडिपिन आहेच. पहिली बंद करायला कुणी सांगितलं नाही. जोडगोळ्यांमध्ये हे सर्रास होतं, म्हणून नव्या यादीत ब्रँडसोबत आतले घटकही लिहायचे.

आकड्याचा अर्थ. पार्किन्सन्सची (कंपवाताची) सिंडोपा 110 म्हणजे लेव्होडोपा 100 आणि कार्बिडोपा 10. सिंडोपा प्लस 125 म्हणजे 100 आणि 25. मधुमेहाच्या ग्लायकोमेट जीपी 1 आणि जीपी 2 मध्ये मेटफॉर्मिन तेवढंच 500, बदलतं ते ग्लिमेपिराइड. जीपी 1 फोर्टमध्ये मात्र मेटफॉर्मिनच 1000 होतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं "ग्लायकोमेट" लिहिलेलं असेल तर ते काहीच लिहिलेलं नाही असं समजा.

मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम. थायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये असतं. जुन्या चार्टवर "50 एमजी" लिहिलेलं हमखास सापडतं. सिस्टर बाटली पाहून देत असल्यामुळे वर्षानुवर्षं काही बिघडलेलं नसतं, पण नवं सॉफ्टवेअर एक तर ते नाकारेल किंवा भलत्याच औषधाशी जोडेल.

आठवड्याची औषधं. मेथोट्रेक्सेट, ॲलेंड्रोनेट 70, व्हिटॅमिन डी 60,000. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वाराची सोय नसली की ती "0-0-1" (सकाळ-दुपार-रात्र, म्हणजे रोज रात्री एक) म्हणून टाकलेली असतात आणि शेऱ्यात "फक्त रविवारी". हा शेरा डेटा हलवताना गळला की मेथोट्रेक्सेट रोजचं होतं. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं हे औषध रोज दिलं गेलं तर जीवावर बेतू शकतं. या सगळ्या कामात मला खरी भीती याच एका ओळीची वाटते.

वारानुसार बदलणारा डोस. रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉम सोम-बुध-शुक्र 2 आणि बाकी दिवस 3, असं आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) पाहून ठरतं. जुन्या चार्टवर एकच आकडा असेल तर घरच्यांच्या कॅलेंडरवर खरा सापडेल.

इन्सुलिन. नाव आणि युनिट पुरत नाहीत. कशातून देतात ते लिहा. आपल्याकडे बाटली बहुधा 40 युनिटवाली असते आणि पेनची कार्ट्रिज 100 युनिटवाली. 40 च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज. तिथे 100 ची नारिंगी टोपणाची सिरिंज वापरून 20 च्या खुणेपर्यंत भरलं, तर पोटात फक्त 8 युनिट जातात. नव्या चार्टवर "40 बाटली, लाल सिरिंज" हे शब्द दिसलेच पाहिजेत.

बाकी. डोळ्यांचे थेंब, पंप (इनहेलर), पॅच, काढे, चूर्ण, कॅल्शियम. "ते काय औषध आहे का" म्हणून सोडलेलं कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब हवं असतं.

सावधान: तीन रकाने जुळले नाहीत तर निर्णय सिस्टरने घ्यायचा नाही, मुलानेही नाही आणि केमिस्टने तर नाहीच. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. प्रिस्क्रिप्शनचा फोटो किंवा त्यांचा मेसेज चालेल. "फोनवर बोलणं झालं" ही नोंद धरायची नाही.

तपासणी संपल्यापासून बदलाच्या दिवसापर्यंत डॉक्टर औषधं बदलत राहणारच. त्यासाठी ऑफिसात एक साधी वही ठेवा: तारीख, रुग्ण, काय बदललं, कुणी सांगितलं. ही वही विसरली की तीन आठवड्यांची मेहनत बदलाच्या दिवसापर्यंत शिळी होते.

## टप्पा 3: लिहिण्याची एकच पद्धत

पाच सिस्टर पाच तऱ्हेने लिहितात: 1-0-1, बीडी, दोनदा, सकाळ-रात्र, जेवणानंतर. नव्या सॉफ्टवेअरला घड्याळाची वेळ लागते. "दिवसातून तीनदा" म्हणजे किती वाजता, हे तुम्ही सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने 8-2-8 ठरवतं. अँटिबायोटिकला ते एकवेळ चालेल. पार्किन्सन्सच्या रुग्णाला सिंडोपा 7, 11, 3 आणि 7 लाच हवी असते. तासभर उशीर झाला तर माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. अशी औषधं "ठरलेल्या वेळीच" या वेगळ्या गटात टाका आणि त्यांची आठवण अर्ध्या तासाच्या आत लावा. बाकीच्यांना एक तासाची मुभा द्या. सगळ्याच गोळ्यांना सायरन लावला तर चौथ्या दिवशी सिस्टर फोन सायलेंटवर टाकते, आणि तिला दोष देता येत नाही.

गरज पडेल तशी द्यायची औषधं, म्हणजे एसओएस, वेळापत्रकात घालू नका. त्यांना कारण, दोन डोसांमधलं कमीत कमी अंतर आणि 24 तासांतली कमाल संख्या हवी. तिन्ही डॉक्टरांकडून.

औषध कसं द्यायचं तेही लिहा. डेटा हलवताना रिकामा रकाना "तोंडावाटे" होऊन बसतो. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) असलेल्या रुग्णाच्या चार्टवर तसं दिसलं तर नवी मावशी काय करेल याची कल्पना करा. ट्यूब असेल तर कुठल्या गोळ्या कुटायच्या नाहीत हेही तिथेच यायला हवं. एसआर, ईआर लिहिलेल्या (औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळ्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

## टप्पा 4: डेटा काढणं आणि चढवणं

आधी पूर्ण बॅकअप, दोन ठिकाणी. मग प्रत्येक रुग्णाच्या चालू चार्टची पीडीएफ, आणि त्याच पीडीएफचे छापील कागद.

आता एक्सेल. व्हेंडर सीएसव्ही फाइल (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) मागतो, ऑफिसमधलं कुणीतरी ती डबल-क्लिक करून उघडतं, "जरा नीट करून" सेव्ह करतं आणि घात होतो. एक्सेल 1-1-1 ला तारीख समजून 1 जानेवारी 2001 करून टाकतं. 1-0-1 ला मात्र हात लावत नाही, कारण शून्यावा महिना नसतो. त्यामुळे वरच्या दहा ओळी पाहून सगळं ठीक वाटतं आणि फक्त दिवसातून तीनदाची औषधं बिघडलेली असतात. अर्धी गोळी म्हणून लिहिलेलं 1/2 एक फेब्रुवारी होतं. रुग्ण क्रमांक 00417 चा 417 होतो आणि कुणाचीही ओळख जुळत नाही. उपाय साधा: फाइल एक्सेलमध्ये "इम्पोर्ट" करून उघडायची, सगळे रकाने "टेक्स्ट" ठेवायचे, आणि अर्धी गोळी शब्दांत लिहायची.

आणखी तीन सापळे:

तारखांचा क्रम. 04/07 म्हणजे आपल्याकडे 4 जुलै. सॉफ्टवेअर अमेरिकी पद्धतीचं असेल तर 7 एप्रिल. 25/07 वर ते अडेल आणि चूक दिसेल. 12 पर्यंतच्या तारखा मात्र चुपचाप उलटतात. म्हणून तपासताना महिन्याच्या पहिल्या 12 दिवसांतल्या तारखाच पाहा.

वेळेचा फरक. सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. जुन्या वेळा यूटीसी समजून चढवल्या की सकाळी 8 चा डोस दुपारी 1.30 ला आणि रात्री 10 चा दुसऱ्या दिवशी पहाटे 3.30 ला. सुरुवातीच्या आजोबांची थायरॉइडची गोळी अशीच हलली होती. याचंच दुसरं रूप घरच्यांच्या ॲपमध्ये दिसतं. न्यू जर्सीतल्या मुलाचा फोन तिथली वेळ दाखवतो, म्हणजे आईचा सकाळी 8 चा डोस उन्हाळ्यात त्याला आदल्या रात्री साडेदहाला दिलेला दिसतो. तो भडकून फोन करायच्या आत सेटिंगमध्ये सगळ्यांसाठी भारतीय वेळ लावा.

मराठी शेरे. जुनं सॉफ्टवेअर युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीचं असेल तर मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये असतो आणि नव्या ठिकाणी त्याचा निव्वळ कचरा होतो. तो बदलून घ्या किंवा हाताने पुन्हा टाइप करा. "ॲलर्जी: सल्फा" असले शेरे यातच दडलेले असतात.

सावधान: बंद केलेली औषधं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी बंदची तारीख भरत नाही, शेऱ्यात "बंद" लिहून मोकळं होतं. चढवताना ती सगळी पुन्हा चालू होतात. चालू यादी टप्पा 2 च्या कागदावरून घ्यायची. जुन्या डेटातून फक्त इतिहास.

## टप्पा 5: जुळवणी

आकडे आधी: एकूण रुग्ण, एकूण चालू औषधं, एसओएस किती, आठवड्याची किती. आकडे जुळले म्हणजे काही हरवलेलं नाही एवढंच कळतं. बरोबर आहे हे कळत नाही.

मग वाचन. एकीने टप्पा 2 चा कागद मोठ्याने वाचायचा, दुसरीने स्क्रीनवर बोट ठेवून पाहायचं. नाव, ताकद, किती, केव्हा, कसं. नमुन्याला दहा रुग्ण तपासून थांबू नका. 50 रुग्णांची यादी दोन दिवसांत पूर्ण वाचून होते. अर्ध्यात भूमिका बदला, कारण बोट ठेवणारीचे डोळे तासाभरात थकतात.

तपासा: "चाचणी रुग्ण" नावाने एक खोटा रुग्ण बनवा, ॲलर्जीत सल्फा भरा आणि त्याला सेप्ट्रान (सल्फाचंच औषध) लिहून पाहा. इशारा आला नाही, तर ॲलर्जी चुकीच्या रकान्यात गेली आहे किंवा इशारे बंद आहेत. काम झालं की हा रुग्ण काढून टाका, नाहीतर महिन्याच्या शेवटी त्याचं बिल निघतं. हसू नका, निघतं.

## टप्पा 6: पाच अवघड घरं, दोन आठवडे

चाचणीसाठी सोपी घरं निवडण्याचा मोह होतो. दोन गोळ्या घेणाऱ्या काकूंच्या घरी सगळंच चालतं. त्याऐवजी इन्सुलिनचं एक घर, पार्किन्सन्सचं एक, रायल्स ट्यूबचं एक, आठवड्याच्या औषधाचं एक, आणि ज्या घरात फोनला रेंज येत नाही असं एक. दोन आठवडे यासाठी, की आठवड्याचं औषध दोनदा येऊन जाईल. पहिल्यांदा बरोबर आलेलं दुसऱ्यांदा गायब होतं का, ते कळलं पाहिजे.

मुद्दाम करून पाहायच्या गोष्टी: फोन विमान मोडवर टाकून डोस नोंदवणं, सकाळच्या आणि रात्रीच्या सिस्टरने एकच डोस दोन फोनवर नोंदवणं, रुग्णाने गोळी नाकारली तर "दिली नाही" आणि कारण लिहिता येतंय का पाहणं, दुपारी डॉक्टरांनी डोस बदलल्यावर जुना डोस संध्याकाळी दिसतो का पाहणं. फेंटानिलचा (तीव्र वेदनेवरच्या औषधाचा) पॅच 72 तासांनी बदलतात. जुना काढल्याची नोंद वेगळी करता येत नसेल, तर अंगावर दोन पॅच राहण्याची सोय सॉफ्टवेअरनेच करून ठेवली असं म्हणायचं.

## टप्पा 7: प्रशिक्षण

हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून दोन तासांचं भाषण नको. चौघींचा गट, प्रत्येकीच्या स्वतःच्या फोनवर, वीस मिनिटं. तिचा फोन जुना असेल, जागा भरलेली असेल, तर ते आत्ताच कळू दे. प्रत्येकीने तीन गोष्टी करून दाखवायच्या: डोस देणं, नाकारलेला डोस नोंदवणं, चुकून दाबलेलं दुरुस्त करणं. तिसरी गोष्ट कुणी शिकवत नाही आणि सगळ्यात जास्त फोन तिच्यासाठीच येतात.

प्रत्येकीचं लॉगिन वेगळं. "ड्यूटी फोन"वर एकच लॉगिन चालवाल तर डोस कोणी दिला हे कधीच कळणार नाही.

## टप्पा 8: बदलाचा दिवस

1. आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी पुढच्या तीन दिवसांचा छापील चार्ट पोहोचलेला हवा. या तीन दिवसांत कागदच खरा. ॲप आणि कागद वेगळं सांगत असतील तर डोस थांबवून ऑफिसला फोन.
2. सकाळी 8 ते 10: डोस जुन्या पद्धतीने. ड्यूटी बदलताना दोघींना आठवण.
3. 10.15: जुनी सिस्टीम फक्त वाचण्यापुरती. ती उघडी राहिली तर कुणीतरी सवयीने तिच्यातच नोंदवतं आणि डोस दोनदा जातो.
4. 10.30: बदल-वहीतल्या शेवटच्या नोंदी नव्या सिस्टीममध्ये, दोघींनी तपासून.
5. 11.30: प्रत्येक सिस्टर ॲपमध्ये आपल्या रुग्णाचा चार्ट उघडते, कागदाशी जुळवते आणि "जुळलं" असा मेसेज करते. मेसेज न आलेल्या घरी फोन.
6. दुपारी 1: रद्द करण्याच्या अटींचा कागद समोर ठेवून निर्णय. दोनचा डोस नव्या ॲपवर किंवा पूर्ण माघार.

सावधान: दोन्ही सॉफ्टवेअर "सुरक्षितता म्हणून" महिनाभर एकत्र चालवू नका. सिस्टर एकात नोंदवते आणि ड्यूटी संपताना दुसऱ्यात उतरवून काढते. महिन्याच्या शेवटी तुमच्याकडे दोन नोंदी असतात आणि विश्वास एकीवरही ठेवता येत नाही.

## टप्पा 9: पुढचे दहा दिवस आणि जुन्याचा निरोप

पहिले तीन दिवस प्रत्येक ड्यूटीच्या शेवटी "राहिलेले डोस" ही यादी काढा आणि प्रत्येक ओळीचं कारण विचारा. त्याहून जास्त लक्ष फार सुंदर दिसणाऱ्या चार्टकडे द्या. सकाळ, दुपार, संध्याकाळचे सगळे डोस संध्याकाळी 7.42 ला एका मिनिटात नोंदवले असतील तर ते मागाहून भरलेले आहेत. ओरडण्याआधी विचारा, बहुतेक वेळा नेट नसतं किंवा फोनची बॅटरी गेलेली असते.

तिसऱ्या दिवशी कागद बंद, पण इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा कागद दहाव्या दिवसापर्यंत ठेवा. गोळा केलेले सगळे कागद रुग्णाच्या फाइलमध्ये.

जुनी सिस्टीम बंद करताना सोडून गेलेल्या स्टाफची लॉगिन आधी बंद करा. जुन्या यादीत दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेल्यांची नावं चालू सापडतात. हलवताना तयार झालेल्या सीएसव्ही फाइल्स व्हेंडरच्या लॅपटॉपवर, कुणाच्या पेनड्राइव्हवर, ईमेलमध्ये राहिलेल्या असतात. त्यात रुग्णांची नावं, पत्ते, आजार सगळं असतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसार काम व्हेंडरकडे दिलं तरी जबाबदारी तुमच्याच संस्थेवर राहते. फाइल्स पुसल्याचं त्याच्याकडून लेखी घ्या. तुमचा स्वतःचा बॅकअप कुलपात ठेवा, आणि जुनी सिस्टीम कायमची बंद व्हायच्या आधी त्यातला एक चार्ट प्रत्यक्ष उघडून पाहा.